एका घराचे चार नंबर: सर्व्हे, सिटी सर्व्हे, मालमत्ता आणि घर नंबर यात फरक काय?

मामा गेल्यावर घर मामीच्या नावावर करायचं म्हणून कागद शोधायला बसलो तेव्हा पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून चार कागद निघाले आणि चारही कागदांवर एकाच घराचे वेगवेगळे नंबर. लाइट बिलावर घर नं. ३१८. घरपट्टीच्या पावतीवर मालमत्ता क्र. ५२७. १९७८ च्या खरेदीखतात 'सर्व्हे नं. ६२ पैकी'. आणि मिळकत पत्रिकेवर न.भू.क्र. (नगर भूमापन क्रमांक, म्हणजेच सिटी सर्व्हे नंबर) १०४४. मामी माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, हे घर आपलंच आहे ना नक्की?" चाळीस वर्षं त्या घरात राहिलेल्या बाईला हा प्रश्न पडावा याचं मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही धड उत्तर देता आलं नाही. नंतर चार-पाच महिने ऑफिसांच्या फेऱ्या मारून जे कळलं ते इथे लिहितोय, कारण हे शब्द आपल्याला कोणी बसवून शिकवत नाही आणि गरज पडते तेव्हा नेमकी घाई असते.

तर पहिली गोष्ट, चार नंबर वेगळे असणं ही गडबड नाहीये. सर्व्हे नंबर म्हणजे महसूल खात्याने मोजलेला जमिनीचा तुकडा, सिटी सर्व्हे नंबर म्हणजे भूमी अभिलेख खात्याने शहरात किंवा गावठाणात मोजलेली मिळकत, मालमत्ता क्रमांक म्हणजे घरपट्टी कुठल्या खात्यावर लावायची ते, आणि घर नंबर हा पोस्टमनला, पाहुण्याला दार सापडावं म्हणून. ज्या ऑफिसला जे काम त्याप्रमाणे त्याने आपल्या वहीत नंबर टाकला, दुसऱ्या वहीत काय आहे ते बघितलं नाही. गडबड तेव्हा होते जेव्हा आपण एका वहीतला नंबर दुसऱ्या वहीच्या ऑफिसात जाऊन सांगतो.

सर्व्हे नंबरपासून सुरुवात करू कारण तो सगळ्यात जुना. इंग्रजांच्या काळात १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी शेतं मोजून सारा (जमिनीवरचा सरकारी कर) ठरवायची जी पद्धत बसवली ती पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि आकार लिहिलेला. आकार म्हणजे शेप नाही हं, आकार म्हणजे त्या जमिनीवर बसवलेला सारा, म्हणून त्या रजिस्टरला आकारबंद म्हणतात. मोजणी व्हायची साखळीने, साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. आता गंमत बघा, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागेचं क्षेत्रफळ होतं १०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला एक गुंठा! आणि ४० गुंठ्यांचा एकर. आपण प्लॉटचा भाव गुंठ्यावर बोलतो तेव्हा त्या जुन्या साखळीचंच माप बोलत असतो, मला हे कळलं त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना धरून धरून सांगितलं.

शेताच्या वाटण्या झाल्या की सर्व्हे नंबराचे हिस्से पडतात, त्याला पोटहिस्सा म्हणायचं. ६२ चा ६२/१, ६२/२, मग ६२/२/अ, असं शेपूट वाढत जातं. हिस्सा पडला म्हणजे मोजणी होऊन नकाशा झाला पाहिजे, त्या नकाशाला फाळणी बारा म्हणतात. मूळ सर्व्हे नंबर मोजताना केलेली कच्ची आकृती, जिच्यावर मापं लिहिलेली असतात, तिला टिपण म्हणतात. बांधावरून भांडण लागलं की शेवटी सगळे टिपणापर्यंत जातात.

आणि या सगळ्यात एक शब्द आहे जो दिसायला अगदी साधा पण ज्याने मी सगळ्यात जास्त भांडणं झालेली बघितली, तो म्हणजे 'पैकी'. मामाच्या खतात 'सर्व्हे नं. ६२ पैकी' होतं. याचा अर्थ ६२ नंबर मोठा आहे आणि त्यातला एक भाग विकत घेतलाय, पण तो भाग नेमका कुठला हे नंबरावरून कळत नाही. मग ते कळतं कशावरून? तर चतुःसीमेवरून. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमक्याचं घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस तमक्याची बखळ. बखळ म्हणजे पडीक मोकळी जागा, जुन्या खतात हा शब्द खूप येतो. आणि 'जागा व इमला' असं लिहिलेलं असतं त्यात इमला म्हणजे त्यावरचं बांधकाम. आता १९७८ ची बखळ आज तिथे आहे का? तिथे तीन मजली बिल्डिंग आहे, दक्षिणेकडच्या माणसाने घर विकून तीस वर्षं झाली, म्हणजे कागदावरची सीमा बरोबर आहे पण जागेवर दाखवायला काही उरलेलं नाही. म्हणून पैकीची जागा घेताना मोजणीचा नकाशा मागा, आणि एखादा लांबचा नातेवाईक म्हणाला की सगळ्यांना माहितीये कुठली जागा ती, तरी मागा. ज्यांना माहितीये ते नेहमी राहत नाहीत.

गट नंबर ही नंतरची भानगड. शेतीचे तुकडे फार झाले, एकाच माणसाची शेतं गावाच्या चार कोपऱ्यांत, म्हणून १९४७ चा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा आला आणि त्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना राबवली, त्यात शेतं जोडून अदलाबदल करून नवीन नंबर दिले, ते गट नंबर. पण ही योजना सगळ्या गावांत झाली नाही. त्यामुळे आजही पुण्याच्या एका बाजूला वाघोलीत जागा बघायला गेलात तर गट नंबर सांगतील आणि हडपसर-कोथरूडकडे सर्व्हे नंबर. दोन्ही जमिनीचेच नंबर आहेत, फरक एवढाच की त्या गावात एकत्रीकरण झालं की नाही. ज्या गावात झालं तिथे जुन्या कागदातला सर्व्हे नंबर आज कुठल्या गटात आलाय हे एकत्रीकरणाच्या पत्रकावरून जुळवावं लागतं, आणि ते न जुळवता आजोबांच्या खतातला सर्व्हे नंबर घेऊन तलाठ्याकडे गेलं तर तो म्हणणार या नंबराचा उताराच नाही.

सातबारा सगळ्यांना माहीत असतो पण नाव असं का ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. गावात तलाठ्याकडे एक ते एकवीस असे गाव नमुने असतात. त्यातला नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाच्या नावावर, कर्ज आहे का, कूळ आहे का. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर, म्हणून सातबारा. नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली की आधी तिथे नोंद पडते, हरकतीसाठी नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो आणि तेव्हा सातबाऱ्यावर नाव बदलतं. आठ-अ म्हणजे एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एकत्र. बास, एवढं माहीत असलं तरी तलाठी ऑफिसात आपण काय मागतोय ते कळतं.

आता मामाचं घर गावठाणाला लागून. गावठाण म्हणजे गावातली राहायची जागा, शेतीची नाही, आणि तिला सारा नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या घरांना सातबारा नसायचा. खेड्यात मग लोकांकडे असायचं काय, तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ. आणि लोक तोच मालकीचा कागद समजून जपून ठेवायचे. तो मालकीचा कागद नाही, ती कर आकारणीची नोंद आहे, कर कोणाकडून घ्यायचा ते लिहिलेलं. मला हे सांगताना जड जातं कारण माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांकडे फक्त तेवढंच आहे, पण खोटा धीर देण्यात अर्थ नाही. शहरातही तेच, घरपट्टीची पावती वीस वर्षं तुमच्या नावावर असली तरी त्यामुळे घर तुमचं होत नाही. पुरावा म्हणून तिचा उपयोग आहे, ताबा दाखवायला होतो, पण तेवढाच.

गावठाणात किंवा शहरात जेव्हा भूमी अभिलेख खातं घर अन् घर मोजतं तेव्हा प्रत्येक मिळकतीला जो नंबर मिळतो तो नगर भूमापन क्रमांक, म्हणजे न.भू.क्र., ज्याला आपण सगळे सिटी सर्व्हे नंबर किंवा सीटीएस म्हणतो. त्याचा उतारा म्हणजे मिळकत पत्रिका, प्रॉपर्टी कार्ड. शेताला जसा सातबारा तसं घराला हे. मोजणीच्या वेळी अधिकाऱ्याने प्रत्येकाला विचारून कागद बघून जे लिहून घेतलं ती चौकशी नोंदवही, आणि जुना वाद निघाला की तिचा उतारा फार कामाला येतो, हे मात्र खिडकीवर आपणहून कोणी सांगत नाही, आपणच मागायचा. पुढे नावं बदलायचं, नोंदी ठेवायचं काम परिरक्षण भूमापक करतो. पहिल्यांदा हा हुद्दा ऐकला तेव्हा मी तीनदा विचारलं होतं कोणाला भेटू म्हणून.

लहान गावांत हे काम आता होतंय. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली, पण त्याच्या आधीच महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजून बघितलं होतं. पद्धत बघण्यासारखी आहे. आदल्या दिवशी गावातले लोक आणि कर्मचारी मिळून प्रत्येक घराच्या, अंगणाच्या, वाड्याच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात, ती रेघ वरून ड्रोनच्या फोटोत पांढरी दिसते आणि त्यावरून नकाशा बनतो. म्हणजे अख्ख्या पुढच्या काळाची हद्द त्या दिवशीच्या चुन्यावर ठरते. तुमच्या गावात हे व्हायचं असेल आणि तुम्ही मुंबईत नाहीतर दुबईत असाल तर कृपा करून त्या दिवशी घरचं कोणीतरी माणूस तिथे उभं करा, शेजाऱ्यावर सोडू नका, शेजारी कितीही चांगला असला तरी त्याला तुमच्या परसातल्या चिंचेपर्यंत तुमचं आहे की विहिरीपर्यंत हे माहीत असेलच असं नाही.

पुण्याच्या पेठांमध्ये सिटी सर्व्हे नंबर हाच पत्ता होऊन बसलाय. '१२३४ सदाशिव पेठ' असा पत्ता असतो ना, तो मोजणीच्या क्रमाने पडलेला नंबर, रस्त्याच्या क्रमाने नाही. म्हणून नवीन माणूस १२३४ शोधत १२३३ च्या शेजारी जातो आणि ते घर निघतं बोळाच्या पलीकडे. पूर्वी यावर उपाय होता, कुठल्याही दुकानात विचारायचं, आता डिलिव्हरीवाला मुलगा फोन करतो आणि आपण त्याला सांगतो, मारुतीच्या देवळापासून आत या.

मुंबईचं अजून वेगळं. जुन्या शहरात सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर आणि डिव्हिजन, म्हणजे माहीम डिव्हिजन, गिरगाव डिव्हिजन वगैरे. उपनगरात सीटीएस नंबर आणि मौजे. मौजे म्हणजे महसुली गाव. गोरेगाव पश्चिमेला चकाचक टॉवरमध्ये फ्लॅट असला तरी ॲग्रीमेंटमध्ये 'मौजे पहाडी गोरेगाव' लिहिलेलं सापडतं, गाव डोळ्याला दिसत नाही पण कागदावर ते आजही आहे. मला हे वाचताना नेहमी थोडं थांबायला होतं. गोव्यात तर शब्दच वेगळे, सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक-चौदा आणि शहरात सिटी सर्व्हे नंबरऐवजी चलता नंबर आणि पी.टी. शीट नंबर, त्यामुळे सावंतवाडीचा माणूस म्हापशात जागा घ्यायला गेला की त्याला पहिल्यापासून शिकावं लागतं.

फायनल प्लॉट नंबर पण बरेच जण विचारतात. नगररचना योजना, टीपी स्कीम म्हणतात ती, जिथे झाली तिथे वेड्यावाकड्या शेतांचे मूळ भूखंड एकत्र धरून रस्ते, बागा काढतात आणि उरलेली जागा चौकोनी करून मालकांना परत देतात. आधीचा तो ओरिजिनल प्लॉट, नंतरचा तो फायनल प्लॉट. एका जागेला जुना सर्व्हे नंबर, फायनल प्लॉट नंबर आणि सीटीएस नंबर असे तिन्ही असू शकतात आणि तिन्ही बरोबर असतात.

आता पत्त्याकडे येऊ, म्हणजे पाकिटावर लिहितो तो. 'मु.पो.' आपण लहानपणापासून लिहितो. मु. म्हणजे मुक्काम, माणूस राहतो ते गाव. पो. म्हणजे पोस्ट, टपाल ज्या पोस्ट ऑफिसातून येतं ते गाव. दोन्ही एकच असलं की मु.पो. एकत्र, वेगळं असलं की वेगळं लिहायचं, आणि वाडी-पाड्यांच्या बाबतीत वेगळंच असतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये यासाठी जागाच नसते, मग लोक ॲड्रेस लाइन दोनमध्ये काहीही टाकतात. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने ती रचना केली, ते संस्कृतचे पंडितही होते. सहा आकड्यांपैकी पहिला विभाग सांगतो, आपला ४, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, म्हणजे मुंबईला ४००, पुण्याला ४११, गोव्याला ४०३, आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. जुनी माणसं अजून 'पुणे ३०' लिहितात तेच आजचं ४११०३०. पण लक्षात घ्या, पिनकोड हा टपालाच्या सोयीचा भाग आहे, त्याची हद्द वॉर्डाशी, गावाशी, तालुक्याशी जुळेलच असं नाही, त्यामुळे पिनकोडवरून तालुका ओळखायला जाऊ नका.

रस्त्यांच्या नावांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायचीये. महाराष्ट्रात कितीतरी वस्त्यांची नावं जातीवरून होती, आणि ती पत्त्यात असल्यामुळे शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, सगळीकडे माणसाच्या आधी त्याची जात पोचायची. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ही नावं बदलायचा निर्णय घेतला, समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायची. पत्ता म्हणजे नुसती सोय नसते हे ज्यांनी तो पत्ता लिहिलाय त्यांना विचारा. फक्त बोर्ड बदलून काम संपत नाही, कारण जुनं नाव लाइट बिलात, मतदार यादीत, रेशनकार्डात, बँकेत वेगवेगळ्या ठिकाणी तसंच पडलेलं असतं, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करून ते काढावं लागतं.

नाव बदललं की असं सगळीकडे अर्ज करत फिरावं लागू नये म्हणून जगात कुठेकुठे पत्ता आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या केल्यात. ब्रिटनमध्ये प्रत्येक इमारतीला, जागेला जास्तीत जास्त १२ आकडी यूपीआरएन (युनिक प्रॉपर्टी रेफरन्स नंबर) असतो आणि रस्त्याला वेगळा यूएसआरएन. रस्त्याचं नाव बदलो, घर नंबर बदलो, बंगल्याचे फ्लॅट होवोत, त्या जागेचा नंबर तोच, आणि घर पाडलं तरी तो नंबर दुसऱ्याला देत नाहीत. अधिकृत पत्ता आणि लोकांच्या तोंडातला पत्ता असे दोन्ही त्याच नंबराखाली लिहून ठेवता येतात. आपल्याकडे त्या दिशेने आलेली गोष्ट म्हणजे भू-आधार, म्हणजे यूएलपीआयएन (युनिक लँड पार्सल आयडेंटिफिकेशन नंबर), जमिनीच्या तुकड्याच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशावरून बनलेला, देशपातळीवर १४ आकडी-अक्षरी ठरवलेला. आणि पोस्टाने मे २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन, अख्ख्या देशाचे साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा कोड. पण डिजिपिन फक्त जागा कुठे आहे ते सांगतो, कोणाची आहे ते नाही, आणि एकाच चौकोनावर उभ्या असलेल्या बिल्डिंगचा पहिला मजला की सातवा हेही त्यातून कळत नाही.

मामीच्या घराचं पुढे काय झालं ते सांगतो. ३१८ आणि ५२७ हा झोल असा निघाला की मध्ये कधीतरी फेरआकारणीत सगळ्या घरांना नवीन मालमत्ता क्रमांक पडले, पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'जुना ३१८' छापलेलं होतं, इतकी वर्षं कोणी पावती उलटून बघितली नव्हती. लाइट बिल जुन्याच नंबरावर राहिलं. सर्व्हे नं. ६२ पैकीच्या त्या भागात नंतर सिटी सर्व्हे झाला आणि १०४४ पडला. म्हणजे सगळे कागद खरे होते, फक्त एकमेकांना ओळखत नव्हते. मग नगरपालिकेकडून जुना-नवा घर क्रमांक एकच असल्याचा दाखला घेतला, चौकशी नोंदवहीचा उतारा काढला ज्यात मामाचं नाव आणि खरेदीखताचा दस्त नंबर होता, आणि ते दोन्ही वारस नोंदीच्या अर्जाला जोडले. एका खिडकीवर दोन महिने सांगत राहिले की कागद जुळत नाहीत, दाखला जोडल्यावर त्याच खिडकीवर अर्ज घेतला. (सातबाऱ्यावर नावात नुसती लिहिण्याची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्ती होते, ते वेगळं, त्यासाठी कोर्टात जायची गरज नसते.)

आता मामीने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, माझ्या भाचीने मोठ्या अक्षरात लिहिलेला. न.भू.क्र. १०४४, जुना सर्व्हे नं. ६२ पैकी. मालमत्ता क्र. ५२७, जुना घर नं. ३१८. खाली चतुःसीमा आजच्या शेजाऱ्यांच्या नावानिशी, आणि कंसात १९७८ ची. उत्तरेच्या बखळीपुढे भाचीने लिहिलंय, 'आता बिल्डिंग आहे'.